शेवटच्या कडव्यातलं नाव

कॉलेजच्या मैत्रिणींनी फोनवर एक ग्रुप काढला आहे. पन्नाशीला टेकलेल्या बायका सगळ्या. सकाळी फुलांचे फोटो टाकतात, दुपारी गुडघेदुखीवरचे काढे, आणि करमेनासं झालं की बारामतीचे ते सोनेरी दिवस. मध्यंतरी एकीनं टूम काढली. आपण शेवटच्या वर्षाला होतो त्या साली, म्हणजे शहाण्णव साली, आलेल्या कॅसेटींपैकी आपापल्या आवडत्या पाच सांगायच्या. सगळ्याजणी हौसेनं पुढं आल्या. माझ्या उत्तराची जरा जास्तच वाट बघत होत्या, कारण कॉलेजात मी कॅसेटवेडी म्हणून ओळखली जायचे. मी चार लिहिल्या आणि पाचवीच्या जागी ‘आठवत नाही’ असं लिहून टाकलं.

ते साफ खोटं होतं. पाचवी मला चांगली आठवते. खरं म्हणजे तीच पहिली, बाकीच्या चार तिच्या मागं कुठंतरी. पण ती सांगितली असती तर सगळ्या जरा वेळ गप्प राहिल्या असत्या आणि मग कुणीतरी एक अंगठा पाठवला असता. तो अंगठा बघून माझं डोकं फिरलं असतं. त्यापेक्षा इथं सांगते.

आधी त्या चार सांगून टाकते, कारण त्या खरोखर चांगल्या होत्या.

माझी एक मैत्रीण पिंपळीची. घरची बागायत, वांगी-टोमॅटोचा माल रोज पुण्याला जायचा. तिनं त्या साली एका शहरी पोरीची हिंदी पॉप गाण्यांची कॅसेट घेतली. कव्हरवर ती पोरगी बिनबाह्यांच्या कपड्यात, केस मोकळे सोडून उभी होती. असलं कव्हर घरात दिसलं तर आपलं कॉलेज बंद होईल या भीतीनं मैत्रिणीनं ते फाडून टाकलं आणि कॅसेट एका भजनाच्या डबीत घालून ठेवली. पुढं एका एकादशीला तिच्या चुलतीनं नेमकी तीच डबी उघडून कॅसेट लावली. घरात काय झालं ते तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी आम्हीच तिला सांगू लागलो. गाणी मात्र झकास होती. ती पोरगी गाताना श्वास लपवत नव्हती, हे मला फार आवडायचं. मी ती कॅसेट मैत्रिणीच्या ओसरीवर बसून ऐकायचे. ओसरीच्या आत मला कधी कुणी बोलावलं नाही आणि मी कधी गेले नाही. मैत्रीण स्वभावानं गोड होती. कॅसेटी अगदी सढळ हातानं द्यायची.

दुसरी सिनेमाची. सिनेमा बारामतीत आठवडाभरही टिकला नाही, पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं असं होतं की त्यासाठी मी आधीची सगळी पेन्सिलीनं गुंडाळून पुढं ढकलायचे. सिनेमात ते गाणं नव्हतंच म्हणे, कापून टाकलं होतं. तिसरी माझ्या मामाची. मी मामाकडं राहून शिकत होते. मामा एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला, आणि त्याला गझलांचा नाद. ही कॅसेट मैफलीतच भरलेली होती. एका गझलेत ऐन समेच्या आधी कुणीतरी खोकतो. दरवेळी त्याच जागी. मला उर्दू शब्द फारसे कळायचे नाहीत, पण त्या खोकणाऱ्याला मी आजही ओळखीन. चौथी वरातीत वाजायची ती. कोळीगीतांना ढणढण ठेका लावून केलेली. ती आवडते असं मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कॅसेटवेडीला तिची म्हणून एक इज्जत असते.

आता पाचवी. त्यासाठी आधी माझ्या वडलांबद्दल सांगायला हवं.

वडलांना सगळा गाव तात्या म्हणायचा, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. इंदापूर तालुक्यातल्या कालव्याच्या एका टप्प्यावर सायकलवरून फिरायचं, पाण्याची पाळी आली की रानांकडं जाणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची, पाळी संपली की बंद करायची, आणि दोन्ही वेळा लोकांच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. कालव्याच्या भरावावरून एकटं सायकल हाणत जाताना ते गाणी रचायचे. आमच्या लोकांत जयंतीला गायन पार्ट्या गातात. चौदा एप्रिल आला की दोन-तीन आठवडे पेटी, ढोलकी आणि टाळ यांची वाट मोकळी होते. त्या पार्ट्यांना दरवर्षी नवी गाणी लागतात. तात्या अशी गाणी लिहायचे. मी पाळण्यात असल्यापासून लिहायचे.

आणि त्यांच्या एकाही गाण्यात त्यांचं नाव नव्हतं.

आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव घालतात. ते नाव आलं की ऐकणाऱ्याला कळतं, गाणं कुणाचं. पण त्यालाही एक रीत असते. ज्याच्याकडं तुम्ही शिकलात तो वस्ताद जोवर चारचौघांत, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून, ‘आता तुझं नाव घाल’ असं म्हणत नाही, तोवर चेल्यानं वस्तादाचंच नाव घालायचं. तात्यांचे वस्ताद इंदापूरकडचे. तात्या लहानपणी गुरं राखायचे तेव्हा वस्तादांनी त्यांना पेटीवर बोटं ठेवायला शिकवलं, काफी आणि भैरवीतला फरक सांगितला, चार ठिकाणी बरोबर नेलं. एवढ्यावर तात्या जन्मभर त्यांचे झाले. गाणं लिहायचं, शेवटी वस्तादांचं नाव घालायचं आणि सायकल काढून त्यांना नेऊन द्यायचं. वस्ताद ते गायचे. नंतर त्यांचा मुलगा गायला लागला. लोक म्हणायचे, या वयातसुद्धा वस्तादांची प्रतिभा बघा.

आई कधीमधी विचारायची, तुमचा टॉवेल कधी पडायचा? तात्या म्हणायचे, पडंल की. त्यांच्या बरोबरीचे चेले दुसरीकडं दुसऱ्या वस्तादांकडं होते, त्यांना कधीच परवानगी मिळाली होती. तात्यांचे केस पिकले. वस्तादांनी शब्द काढला नाही. मग शहाण्णवच्या आदल्या दिवाळीच्या सुमारास वस्ताद गेले.

तात्यांनी आठवडाभर धड जेवण केलं नाही. सावरल्यावर ते वस्तादांच्या मुलाकडं गेले. वडील गेले तर परवानगी थोरल्या मुलानं द्यायची असते, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर ही रीत त्यांनी स्वतःच ठरवली असावी. पन्नाशी उलटलेला माणूस आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोराकडं आपलं स्वतःचं नाव वापरायची परवानगी मागायला गेला. मुलगा म्हणाला, तात्या, पहिला स्मृतिदिन होऊ द्या, तेव्हा मोठा कार्यक्रम घेऊ, तितं तुमच्या खांद्यावर टॉवेल टाकतो. तात्या हरखून घरी आले. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं एवढंच.

मार्च महिन्यात बारामतीच्या स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात मी नेहमीसारखी घुटमळत होते. जयंती जवळ आली की तो दुकानदार आमची गाणी आतल्या फळीवरून काढून पुढच्या काचेत मांडायचा, आणि पंधरा एप्रिलला परत आत ठेवायचा. त्या काचेत एक नवी कॅसेट होती. कव्हरवर निळं आभाळ, खाली वस्तादांच्या मुलाचा फोटो, सूट घालून. आत छापलं होतं, गायक अमुक. गीतरचना, कालकथित वस्ताद अमुक. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं काढलेली. मी ती घेतली आणि मामाच्या घरी येऊन लावली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी ते पहिल्या ओळीतच ओळखलं. ते पाण्याचं गाणं होतं. तात्यांचं सगळ्यात चांगलं. जन्मभर दुसऱ्यांच्या रानाला पाणी सोडणाऱ्या माणसानं तळ्याच्या पाण्यावर लिहिलेलं. ते झालं तेव्हा मी सातवीत होते. तात्यांनी लिहिलं होतं, की माणूस तळ्यावर आला आणि त्यानं ओंजळ भरून घेतली. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती म्हणाली, “लगीच कशी घील वंजळ? आपली मानसं पाण्याला हात लावायच्या आधी मागं वळून बगायची, कुनी बगतंय का. ते घाला.” तात्यांनी पेन्सिल उचलली. मग त्यांनी ते कडवं घातलं. पहिल्यांदा माणूस मागं वळून बघतो, आणि शेवटी, ओंजळ प्याल्यावर, तो मागं वळून बघतच नाही. ते कडवं ऐकताना म्हाताऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या.

एकामागून एक सगळी गाणी तात्यांचीच निघाली. दोन्ही बाजू. प्रत्येकाच्या शेवटी वस्तादांचं नाव, चार अक्षरी, शेवटी लांब सूर धरता येईल असं.

आता जे सांगते ते सांगायला मला आजही राग येतो. ती कॅसेट अप्रतिम होती. तात्यांचा आवाज बारीक, वरच्या पट्टीत फाटायचा. वस्तादांच्या मुलाचा आवाज भरदार, पाझरणारा. पुण्याच्या स्टुडिओत ढोलकी अशी भरली होती की प्रत्येक बोट वेगळं ऐकू यावं. मागं व्हायोलिन होतं. माणूस मागं वळून बघतो त्या जागी सगळी वाद्यं थांबायची आणि फक्त पेटीचा एक सूर उरायचा. ती जागा कुणाला सुचली ते माहीत नाही, पण ज्याला सुचली त्याला गाणं कळलं होतं. मी ती कॅसेट ऐकत राहिले. रडले, उठले, परत लावली. त्या सालात मी तिच्याइतकं दुसरं काही ऐकलं नाही. पॉपवाली पोरगी, कापलेलं गाणं, खोकणारा माणूस, सगळे मागं पडले. चोरीचा माल होता आणि तो माझ्या बापाच्या हातात होता त्याहून देखणा दिसत होता.

शनिवारी भिगवणमार्गे घरी गेले आणि तात्यांच्या पुढ्यात टेप लावला. ते मांडी घालून ऐकत बसले. पहिल्या गाण्याला त्यांचा चेहरा उजळला. वाद्यं थांबली त्या जागी त्यांनी मांडीवर हात मारला. शेवटचं कडवं आलं, वस्तादांचं नाव आलं, तेव्हा सवयीनं कानाच्या पाळीला हात लावला. मग बाजू संपली आणि खट्कन बटण वर आलं. आई दारात उभी होती. तिनं कव्हर माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, ह्यात तुमचं कुठंच काय न्हाय. तात्या म्हणाले, नाव मीच घातलंय नव्हं त्यांचं. आई म्हणाली, गान्यात घातलंय, कागदावर कुनी घातलं? तात्यांनी कॅसेट काढून दुसरी बाजू लावली.

मी हटून बसले. म्हटलं, उद्या इंदापूरला जायचं आणि विचारायचं. तात्यांची तयारी नव्हती. ‘स्मृतिदिनाला तो सांगणारच हाय’ हे एकच पालुपद. आईनं त्यांचा धुतलेला सदरा खुंटीवर काढून ठेवला, सकाळी त्यांनी तो अंगात घातला.

वस्तादांच्या मुलानं आमचं चांगलं स्वागत केलं. चहा झाला, पोहे झाले. घरात कॅसेटींची खोकी रचलेली होती. त्यातल्या मूठभर कॅसेटी त्यानं तात्यांच्या मांडीवर ठेवल्या, घ्या, पाव्हण्यारावळ्यांना वाटा म्हणाला. तात्या त्या कॅसेटींवरून हात फिरवत बसले. विषय काही काढेनात. शेवटी मीच विचारलं, की ही गाणी तात्यांची आहेत, मग कव्हरवर त्यांचं नाव का नाही. तो रागावेल, गडबडेल असं मला वाटलं होतं. तो हसला. अगदी मनापासून, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसा.

“ताई, आमचं वडील सांगायचं ना. गानं त्यांच्या तोंडनं निगायचं, तात्या उतरून घ्यायचं. तात्यांचं अक्षर चांगलं म्हनून त्यांनाच बसवायचं. व्हय ना, तात्या?”

तात्यांनी मान वर केली. मी त्यांचा तसा चेहरा त्याआधी बघितला नव्हता. कालव्याचं दार फुटलं तेव्हासुद्धा नाही.

“वस्ताद असं म्हनायचं?” त्यांनी विचारलं.

“कायम. आमाला घरात, मुंबैच्या पाव्हण्यांना, समद्यांना. लेखकू चांगला मिळाला म्हनायचं.”

मला वाटतं, तोवर तात्यांना मुलाचा थोडाफार राग आला असेल. तो तिथंच गळून पडला, कारण मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. बापानं त्याला तसंच सांगितलं होतं. घरात, जेवताना, पाहुण्यांसमोर, वर्षानुवर्षं. ज्या माणसाच्या एका शब्दासाठी तात्या केस पिकेपर्यंत थांबले, त्यानं तो शब्द द्यायचं कारणच ठेवलं नव्हतं. लेखकूला कसली परवानगी द्यायची?

मी म्हणाले, मागं वळून बघायचं कडवं आमच्या आईनं आमच्या चुलीपुढं सुचवलंय, तिथं वस्ताद नव्हते. तो परत हसला आणि म्हणाला, मग आईचं पन नाव घालू का? त्याच्या बायकोलाही हसू आलं. तात्या मला म्हणाले, गप बस. मग ते उठले, वस्तादांच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले आणि चपला घातल्या. कॅसेटी विसरले नाहीत, पिशवीत घालून घेतल्या.

परतीच्या एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. मग एकदम म्हणाले, कधीकधी सुरुवातीचा शब्द तेच द्यायचे. पहिली ओळ कधी कधी त्यांचीच असायची. मी विचारलं, पाण्याच्या गाण्याची होती का? ते विचार करत राहिले. आता नीट आठवत नाही म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या म्हाताऱ्यानं माझ्या बापाची गाणी नेली ते नेली, बापाची आठवणसुद्धा नेली. आणि बाप ती देऊन मोकळा होत होता, चारीचं दार उघडून द्यावं तशी. वस्तादांपेक्षा त्या दिवशी मला तात्यांचाच राग जास्त आला. तो आजही गेलेला नाही. भल्या माणसांचा राग काढायला जागा नसते, म्हणून तो टिकतो.

आईला मी सगळं सांगितलं. ती शिव्याशाप देईल असं वाटलं होतं. तिनं फक्त एवढंच म्हटलं, “जयंतीला तुमी तेच गानं म्हना. आन तुमचं नाव घाला. त्यो मेला, त्याच्या पोरानं सांगितलं कोन हाय तुमी ते. आता कुनाची परवानगी ऱ्हायली?”

तात्या दोन दिवस नुसते कामावर जाऊन आले. मग एका संध्याकाळी त्यांनी पेटी काढली. आईचं म्हणणं त्यांना पटलं होतं की त्यांनी आईपुढं हार मानली होती, कोण जाणे. पण ते कामाला लागले. अडचण अशी होती, की वस्तादांचं नाव लांबलचक, चालीत ऐटीत बसणारं. तात्यांचं नाव दोन अक्षरांचं, तुटक. त्या जागी घातलं की ठेका अडखळायचा. ते कालव्यावर जायचे, येऊन पेटीपुढं बसायचे, मान हलवायचे. शेवटी नावाच्या आधी त्यांनी आमच्या गावाचं नाव घातलं आणि ओळ जमली. त्यांनी ती आम्हाला म्हणून दाखवली. माझ्या बापाचं नाव त्याच्याच गाण्यात मी पहिल्यांदा ऐकलं. आई आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

त्या वर्षीची जयंती म्हणजे त्या कॅसेटीची जयंती होती. भिगवणपासून इंदापूरपर्यंत, वडगाव निंबाळकरला माझ्या मावशीकडं, जिथं जिथं निळा झेंडा होता तिथं तिथं कर्ण्यावर तीच. आमच्या गावात सकाळपासून लावली होती. मिरवणुकीत पोरं तिच्यावर नाचली. लहान लहान पोरांना दोन्ही बाजू पाठ. मी तर बारामतीहून येताना एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडी ऐकली. आपल्या बापाचे शब्द सगळ्या मुलखाच्या तोंडी आहेत, याचा आनंद व्हावा असं मला फार वाटत होतं. झाला नाही.

संध्याकाळी विहारासमोरच्या पटांगणात कार्यक्रम होता. दरवर्षी आधी तात्यांचं एक गाणं व्हायचं आणि मग बाहेरची पार्टी बसायची. आई विहाराच्या मागं होती. गावजेवण होतं, भाताची मोठी पातेली उतरवायची होती, आणि त्यातनं तिला कुणी सोडलं नाही. जाताना ती तात्यांना म्हणाली, मी हितनं ऐकते.

तात्या पेटी घेऊन बसले. मी बायकांच्या बाजूला पुढंच होते. त्यांनी पाण्याचं गाणं सुरू केलं आणि पटांगणातून एक आनंदाची लाट गेली, कारण ते सगळ्यांना येत होतं. पहिल्या कडव्यापासून लोक बरोबर म्हणू लागले. तात्यांचा बारीक आवाज मधूनमधून ऐकू येत होता. ते मागं वळून बघायच्या जागेला आले. तिथं त्यांच्या चालीत थांबा नव्हता, तो स्टुडिओतला. तात्या पुढं गेले आणि सगळं पटांगण थांबलं. क्षणभर गोंधळ झाला. पुढं बसलेला एक तरुण पोरगा, आमच्याच भावकीतला, मोठ्यानं म्हणाला, “तात्या, तितं थांबायचं असतंय. कॅसेट ऐकली न्हाय व्हय?” लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं. तात्याही हसले आणि मागं येऊन, थांबून, परत तिथून उचललं.

मग शेवटचं कडवं आलं. शेवटची ओळ दोनदा म्हणायची असते. तात्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या वेळी आमच्या गावाचं नाव आणि त्यांचं स्वतःचं नाव घेतलं. त्यांच्या ओठांवर मी ते बघितलं. ऐकू मात्र आलं नाही. कारण त्याच क्षणी सगळ्या पटांगणानं, म्हाताऱ्यांनी, पोरांनी, कडेवर लेकरं घेतलेल्या बायकांनी, वस्तादांचं नाव घेतलं होतं. चार अक्षरी, लांब सूर धरून, हात वर करून, अगदी कॅसेटीसारखं.

त्या पोरानं माईक जवळ ओढला. “तात्यांचं वय झालं, नाव इसरलं,” तो म्हणाला आणि लोक परत हसले. “तात्या, आपल्या वस्तादांचं नाव इसरून कसं चालंल? घ्या परत.”

ओळ दुसऱ्यांदा म्हणायची होती. तात्यांची बोटं पेटीवर तशीच होती. त्यांनी समोर बसलेल्या लोकांकडं बघितलं. त्यांच्या जन्माचं जे काही होतं ते सगळं तिथं बसलेलं होतं, आणि त्याला गाणं पाठ होतं. त्यांनी सूर धरला आणि वस्तादांचं नाव घेतलं. स्वच्छ, पूर्ण, एवढ्या वरच्या पट्टीतही आवाज न फाटता. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी पुढं येऊन त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, गायकाला टाकतात तसा.

गाणं संपल्यावर मी तात्यांच्या मागोमाग विहाराच्या मागच्या बाजूला गेले. आईच्या हातात भाताचा झारा होता, तोंडावर वाफ आलेली. पातेल्यांच्या आवाजात तिला तुटक तुटकच ऐकू आलं असणार. तिनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल बघितला आणि मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

“घेतलं का तुमचं नाव?” तिनं विचारलं.

“घेतलं,” तात्या म्हणाले.

आईनं मान हलवली आणि पत्रावळ घेऊन त्यांना भात वाढला.